ट्राउटसाठी गांडुळाची फ्लाय: कशी बांधायची आणि कशी टाकायची

मिरजेच्या एका भावानं विचारलंय की मे महिन्यात पहिल्यांदाच हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट माशाला चाललोय, लहानपणापासून कृष्णेवर गळ टाकलाय पण फ्लाय फिशिंग (हुकाला दोरा-पिसं बांधून केलेल्या नकली आमिषानं, म्हणजे फ्लायनं, मासे धरणं) नवीन आहे, व्हिडिओत सगळे ती लाल दोऱ्याची गांडुळाची फ्लाय दाखवतात, ती खरंच चालते का, सांगलीत सामान कुठं मिळेल, बांधायची कशी, आणि एवढं करण्यापेक्षा सरळ खरं गांडूळच लावलं तर काय बिघडतं.

सविस्तर लिहितो, कारण मी पण तुमच्यासारखाच नदीकाठचा. आमच्या तात्यांनी (चुलते) मला पाच-सहा वर्षांचा असताना बांबूची काठी आणि मोरपिसाच्या काडीचा बोया देऊन कृष्णेच्या घाटावर बसवलं, तिथून सुरुवात. पुढं कुपवाड एमआयडीसीत टर्नर म्हणून नोकरी केली आणि गेली बारा वर्षं दर वर्षी एकदा तरी तीर्थनला जातोय, फ्लाय सगळ्या घरीच बांधतो. त्यामुळं कृष्णेवर शिकलेल्या माणसाचं तिथं काय कामाला येतं आणि काय आडवं येतं हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि माझं म्हणणं असं आहे की ही फ्लाय बांधणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, खरी अडचण आपल्या हाताला लागलेल्या गळाच्या सवयीची आहे. ते खाली येईलच.

आधी खऱ्या गांडुळाचं बोलू. तुमचं परमिट मत्स्य विभागाकडून मिळेल, त्याच्यावर कुठल्या पट्ट्यात काय चालतं, किती मासे, किती मापाचे हे सगळं लिहिलेलं असतं, ते नीट वाचा आणि तसंच वागा. पण परमिट बाजूला ठेवलं तरी मी खरं गांडूळ लावायला नको म्हणेन. खरं आमिष मासा गिळतो, गळ घशात नाहीतर पोटात जातो, आणि असा मासा सोडून दिला तरी बऱ्याचदा जगत नाही. फ्लाय तोंडाच्या कडेला, ओठात लागते, चिमट्यानं एका झटक्यात निघते. हिमाचलातला ब्राउन ट्राउट हा मुळात बाहेरून आणलेला मासा, कुल्लूच्या नद्यांत १९०९ च्या सुमारास सोडला, पण आज तो तिथं नदीत अंडी घालून वाढतोय आणि नागिणीच्या हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) पण पिल्लं सोडली जातात. त्याच्यावर तिथल्या कितीतरी घरांचं पोट आहे. आपण चार दिवसांचे पाहुणे, मासा जगवूनच सोडायचा.

आता ही फ्लाय चालते का, तर चालते, आणि का चालते ते कळलं तर कधी बांधायची हे पण कळेल. हिचं नाव सॅन हुआन वर्म. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात सॅन हुआन नदीवर नवाहो धरण आहे, १९६२ साली पूर्ण झालं, म्हणजे आपल्या कोयनेच्याच काळातलं. त्या धरणाच्या तळातून वर्षभर गार पाणी सुटतं, खाली नदीच्या तळाला गाळ, त्या गाळात बारीक लाल पाणगांडुळं, आणि ट्राउट ती खातो. तिथल्या लोकांनी लाल मखमली दोऱ्याचा तुकडा हुकाला बांधला आणि तेच नाव जगभर झालं. पाणगांडूळ म्हणजे आपल्या शेतातलं जाड गांडूळ नव्हे हं. तुम्हाला बघायचं असेल तर सांगली-मिरजेत ॲक्वेरियमच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून ट्युबिफेक्स विकतात ते चमचाभर आणा, पांढऱ्या वाटीत पाण्यात टाका आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. रक्तासारखा लालसर रंग दिसेल, तो त्यांच्या अंगातल्या हिमोग्लोबिनसारख्या द्रव्यामुळं असतो, त्याच्यामुळंच ती कमी ऑक्सिजनच्या गाळात तग धरतात. मग वाटीतलं पाणी बोटानं फिरवा, तेव्हा दिसेल की गांडूळ पोहत नाही. ते वळवळतं, वाकतं, सरळ होतं, पण जातं मात्र पाणी नेईल तिकडंच. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे.

पाऊस पडला, ओढे गढूळ होऊन नदीत उतरले की काठची जमिनीतली गांडुळं पण वाहून येतात आणि तळातली पाणगांडुळं पण गाळातून सुटतात. म्हणजे पाणी वाढलं की ट्राउटच्या पुढं गांडुळांचं ताट येतं. मे महिन्यात तीर्थनला वर बर्फ वितळत असतो, पहाटे-सकाळी पाणी खाली आणि बऱ्यापैकी नितळ, दुपारनंतर उन्हानं वितळलेलं पाणी उतरतं आणि नदी चढते, रंग पांढुरका होतो. त्यामुळं तुमच्या दिवसांत ही फ्लाय अगदी योग्य आहे. नितळ कमी पाण्यात मी ती पहिली लावत नाही, तिथं बारीक निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल केलेली फ्लाय) बरी. पण पाणी पातळ ताकासारखं झालं, हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं अंधुक दिसतात, एवढं गढूळ असलं की माझ्या दोरीला हीच असते. त्याच्यापेक्षा गढूळ, म्हणजे चहासारखं झालं की गप घरी बसायचं.

सामान. हुक बारा नंबरचा घ्या, वाकड्या पाठीचा, स्कड हुक म्हणून मिळतो, ऑनलाइन मागवावा लागेल. लक्षात ठेवा, नंबर वाढला की हुक बारीक होतो. बारा सापडला नाही तर दहा चालेल, चौदा पण चालेल. वाकडा नाही मिळाला तर साधा सरळ चालतो, माशाला फरक पडल्याचं मला तरी कधी दिसलं नाही. अंगासाठी व्हर्निल नाहीतर अल्ट्रा शेनिल, दोन्ही एकच प्रकार, बारीक घट्ट मखमली दोरा, साधारण दोन मिलिमीटर जाडीचा. इथं एक सांगतो कारण मी ह्यात पैसे घातलेत: लोकरीच्या दुकानात शेनिल म्हणून जी लोकर मिळते ती जाड आणि सैल असते, पाण्यात भिजली की फुगते आणि दोन माशांत तिचे केस गळून आतला दोरा उघडा पडतो. मुलांच्या क्राफ्टसाठी तारेवरची शेनिल मिळते ती तर अजिबात नको, तार वळवळत नाही. पण राखीच्या आणि तोरणाच्या सामानात कधी कधी बारीक मखमली दोरा मिळतो, तो घेताना थोडासा तुकडा जाळून बघा. विट्याच्या यंत्रमागवाल्याला ही टेस्ट शिकवायला नको: सूत असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख पडते, सिंथेटिक असेल तर वितळून मणी होतो. आपल्याला वितळणारा पाहिजे, का ते बांधताना कळेल.

वजनासाठी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं जा. तो जुन्या वाइंडिंगमधून काढलेली इनॅमलची तांब्याची तार चहाच्या पैशात देईल. सव्वीस-अठ्ठावीस गेजची तार वजनाला बरी, आणि तिसाच्या आसपासची बारीक तार वरून गुंडाळायला. (तारेचं पण हुकासारखंच, नंबर वाढला की बारीक.) इनॅमलचा तो लालसर तपकिरी रंग ह्या फ्लायला एवढा शोभतो की मी आता विकतची रंगीत तार घेतच नाही. पितळी नाहीतर टंगस्टनचे मणी मिळाले तर उत्तम, पण पहिल्या खेपेला नसले तरी काही अडत नाही. शिसं मी वापरायचं बंद केलंय, नदीत तुटून राहतं ते बरं नाही.

दोरा लाल, मजबूत आणि बारीक, फ्लाय बांधायचा सिक्स-ओ म्हणून जो मिळतो तो. आणि हुक धरायला शेगडा. मोठा शेगडा नको, वर्कशॉपमध्ये बारीक ड्रिल धरायला जो पिन वाइस असतो तो टेबलाच्या कडेला तिरका आवळून बसवा, माझा पहिला शेगडा तोच होता आणि अजून चालतोय. दोरा ओढल्यावर हुक हलला नाही पाहिजे, एवढीच अट. शेवटी एक नेलपॉलिश, बिनरंगाची. घरात विचारून घ्या.

आता बांधायला बसा. पहिलं काम, हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट करा. मणी असेल तर तो आत्ताच घालून हुकाच्या डोळ्यापाशी (दोरी बांधायच्या भोकापाशी) सरकवा, छोट्या भोकाची बाजू डोळ्याकडं. मग जाड तार हुकाच्या मधल्या भागावर आठ-दहा वेढे, वेढ्याला वेढा चिकटून, टोकं नखानं दाबून बसवा. आता दोरा चढवा, डोळ्याच्या मागून सुरू करून तारेवरून जाळीसारखा पुढं-मागं नेत वाकापर्यंत, म्हणजे तार फिरणार नाही. नुसत्या गुळगुळीत हुकावर शेनिल बांधली की ती गोल फिरते आणि एक मासा लागल्यावर फ्लाय बाजूला लटकते, नवीन माणसाची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दोऱ्याचा खडबडीत थर खाली पाहिजेच.

शेनिलचा पाच सेंटिमीटरचा तुकडा कापा. मागं वाकापाशी दीड-पावणेदोन सेंटिमीटर शेपूट सोडून पाच-सहा वेढ्यांनी बांधा. मग शेनिल वर उचलून धरा आणि दोरा तिच्या खालून हुकावरून पुढं डोळ्याजवळ आणा, शेनिल पुन्हा हुकाच्या पाठीवर आडवी करा, पुढं पाच-सहा वेढे, आणि पुढचं टोक पण तेवढंच मोकळं सोडा. झाली. तिसऱ्या ठिकाणी, मधोमध पण बांधायची माझी पद्धत आहे, म्हणजे माशाचे दात मधे अडकून शेनिल उचलली जात नाही. आणि जास्त टिकाऊ पाहिजे असेल तर बारीक तांब्याची तार मागून बांधून शेनिलवरून पाच-सहा अंतर ठेवलेले वेढे पुढं आणायचे, त्यानं अंगावर गांडुळासारख्या कड्या दिसतात, तळाला जायला थोडं वजन पण मिळतं. तार ओढताना मात्र शेनिल कापेल एवढी आवळू नका, दाबली गेली पाहिजे, चिरली नाही पाहिजे. टर्निंगमध्ये जॉब आवळताना हाताला जे कळतं ना, तेच.

गाठ मारायला खास टूल पाहिजे असं नाही. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा घ्या, त्याच्यावर दोऱ्याचा फास करून रिफिल हुकाच्या डोळ्यावर टेकवा आणि फास सरकवून आवळा, अशा तीन-चार गाठी मारल्या की बास. त्याच्यावर सुईच्या टोकानं नेलपॉलिशचा एक थेंब. डोळ्यात गेलं तर ओलं असतानाच सुईनं काढा, नदीवर गार बोटांनी बंद डोळा उघडत बसणं फार जिवावर येतं.

आता दोन्ही टोकं. लायटर पेटवा आणि शेनिलचं टोक ज्योतीच्या बाजूला, ज्योतीत नव्हे, जवळ आणा, टोकाचे केस आखडून निमुळते होतात, लगेच बाजूला घ्या आणि ओल्या बोटांत फिरवा. म्हणून वितळणारा दोरा पाहिजे म्हटलं. जास्त धरलं तर काळा कडक गोळा होतो, तो कापून टाका आणि पुन्हा करा, म्हणून कापतानाच थोडी जास्त लांबी ठेवायची. टोक जाळलं नाही तर शेनिल उसवते आणि गांडूळ झाडूसारखं दिसायला लागतं.

शेपूट किती लांब ह्याच्यावर लोक उगाच वाद घालतात. माझा अनुभव सांगतो, लांब शेपूट हातात सुंदर दिसतं, पाण्यात छान हलतं, आणि मासा नेमकं तेवढंच धरून सोडतो. पहिल्या वर्षी माझी शेपटं तीन-तीन सेंटिमीटरची होती, टोचे यायचे आणि मासा लागायचा नाही. कात्रीनं अर्धी केली आणि त्याच दिवशी त्याच डोहात लागायला लागले.

रंग तीन करा: लाल, गडद वाईन, आणि मातकट तपकिरी. गढूळ पाण्याला लाल, निवळत आलं की वाईन नाहीतर तपकिरी. गुलाबी पण चालते असं बरेच जण सांगतात, माझ्याकडं दोन असतात, फार वापरलेल्या नाहीत. ती रबरासारखी वळवळणारी गांडुळं मिळतात ती पहिल्या वर्षी घेऊ नका. पाण्यात ती भारी हलतात हे खरं, पण दोरा जरा जास्त आवळला की कापली जातात, नेलपॉलिश लागली तर खराब होतात, आणि डब्यात दुसऱ्या प्लास्टिकच्या वस्तूला चिकटून विरघळल्यासारखी होतात. आधी शेनिलवर हात बसू द्या.

आता टाकायचं, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय.

कृष्णेवर आपण कसं करतो? गळ टाकतो, दोरी ताणून ठेवतो, काठी काठावर रोवतो नाहीतर हातात धरून बसतो आणि वाट बघतो. मासा आमिष चाखतो, ओढतो, बोया बुडतो, तात्या म्हणायचे "अजून थांब, गिळू दे," आणि मग हिसका. ही सवय रक्तात गेलेली असते. ट्राउटच्या नदीवर ह्यातल्या दोन गोष्टी उलट्या आहेत. एक म्हणजे दोरी ताणलेली असली की फ्लाय पाण्याबरोबर जात नाही, ती धारेत ओढली जाते, तिरकी उठते, आणि खरं गांडूळ असं कधीच जात नाही हे तुम्ही वाटीत बघितलंय. दुसरं, ट्राउटला तोंडात शेनिल आली की क्षणभरात कळतं हे खायचं नाही आणि तो थुंकून टाकतो. गिळू द्यायला तिथं गिळण्यासारखं काही नाहीच. मी पहिल्या फेरीला तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वर एका मोठ्या दगडामागं सलग चार वेळा थांबलो, तात्यांचं वाक्य कानात, आणि चारही वेळा बोया पुन्हा वर आला. शेजारी तिथला एक गाइड उभा होता, तो शांतपणे म्हणाला, साहब, रुकते क्यों हो. त्या दिवशी मला कळलं.

पण एक गोष्ट आपली कामाची आहे आणि ती शहरातनं फ्लाय फिशिंग शिकलेल्या माणसाला लवकर येत नाही. तळ किती खोल आहे हे दोरीवरून ओळखणं. बोया वर-खाली सरकवून तळ मापायला आपण लहानपणीच शिकलेलो असतो. इथं तेच करायचं. नऊ फुटी पाच वेटची काठी (वेट म्हणजे तिला चालणाऱ्या दोरीच्या वजनाचा नंबर), नऊ फुटी लीडर (मुख्य दोरीच्या पुढची निमुळती पारदर्शक दोरी), पुढं चार एक्स नाहीतर पाच एक्सचा टिपेट (लीडरच्या टोकाची बारीक दोरी, इथं पण नंबर वाढला की बारीक). गढूळ पाण्यात चार एक्स बिनधास्त लावा. लीडरवर इंडिकेटर म्हणजे आपला बोया, पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर, कारण धारेत दोरी तिरकी राहते. इंडिकेटर म्हणून रंगीत लोकरीचा गोंडा पुरतो, त्याला थोडं मेण चोळा. थर्माकोल वापरू नका, तुटतो आणि तुकडे वाहत जातात.

फ्लाय तळाला लागते का नाही ते ठरवायचं कसं? चार-पाच वेळा टाकल्यावर एकदा तरी इंडिकेटर दगडाला अडकल्यासारखा अडखळला पाहिजे. एकदाही नाही अडखळला तर फ्लाय वरनं चाललीय, इंडिकेटर वर सरकवा नाहीतर फ्लायच्या वीत-सव्वा वीत वर वजनाचा एक बारीक दाणा लावा. प्रत्येक वेळी अडकत असेल तर दाणा काढा. फ्लाय बदलत बसण्याआधी खोली बदला, हे मी सगळ्यांना सांगतो, कारण मासे न लागण्याचं कारण दहातल्या आठ वेळा खोली असते. दोन-चार फ्लाय तळाला तुटणार हे धरूनच चालायचं, तुटत नसतील तर तुम्ही जिथं मासा आहे तिथं टाकतच नाही.

टाकताना प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं टाका, डोक्यावरून भिरकवायची घाई नको, वजनाची फ्लाय कानाला लागते, गोल मोकळा फेक करा. फ्लाय पाण्यात पडली की लगेच काठीच्या टोकानं दोरीचा पट्टा उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा, ह्याला मेंड म्हणतात. कारण असं, नदीत वरचं पाणी पळतं आणि तळाचं पाणी दगडांमुळं हळू चालतं. दोरी वरच्या पाण्यात, फ्लाय खालच्या पाण्यात, म्हणजे दोरी फ्लायला ओढणारच, ते ओढणं कमी करायला मेंड. खूण सोपी आहे, शेजारचा फेस किंवा बुडबुडा बघा, इंडिकेटर त्याच्यापेक्षा किंचित हळू चालला पाहिजे. फेसाच्या पुढं पळाला की ती फेरी वाया गेली समजा, पण तरी शेवटपर्यंत जाऊ द्या, मधेच उचलून मासे बुजवू नका. फेरीच्या शेवटी दोरी ताणून फ्लाय आपोआप वर उठते तेव्हा दोन सेकंद तशीच धरा. खरं गांडूळ असं वर उठत नाही हे मान्य, पण अधूनमधून ट्राउट तिथं पण घेतो.

आणि मारायचं कधी? इंडिकेटर थांबला, बुडाला, तिरका झाला, उलटा सरकला, काहीही वेगळं झालं की मारायचं, विचार करायचा नाही. दहातल्या सात वेळा दगड असेल, असू दे. मारायचं म्हणजे काठी डोक्यावर उचलून हिसका नाही, काठी खालच्या धारेकडं आडवी ओढायची, हाताएवढी, बास. हुक माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात जातो आणि मासा नसला तर फ्लाय पाण्यातच राहते, झाडावर जात नाही.

जागा कुठल्या? सगळी नदी झोडपायची गरज नाही. पाणी चढलेलं असताना ट्राउट मधल्या जोरदार धारेत राहत नाही, ताकद वाया जाते त्याची. तो काठाच्या जवळ येतो, मोठ्या दगडाच्या पुढच्या आणि मागच्या उशीसारख्या शांत पाण्यात, वळणाच्या आतल्या बाजूला, आणि जिथं पळतं पाणी आणि शांत पाणी ह्यांची शिवण दिसते तिथं. सगळ्यात भारी जागा म्हणजे बाजूचा नाला गढूळ होऊन नदीला मिळतो त्याच्या खालची वीस पावलं, तिथं गांडुळं खरोखरच वाहून येत असतात. पाण्यात उतरण्याआधी काठालगत फ्लाय टाकून बघा, बरेच जण जिथं उभे राहतात तिथंच मासा असतो.

एकटी गांडुळाची फ्लाय लावण्यापेक्षा मी तिच्या खाली हातभर अंतरावर एक बारीक फेझंट टेल निम्फ लावतो, टिपेट हुकाच्या वाकाला बांधून. मासा गांडुळाच्या रंगानं वळून बघतो आणि बऱ्याचदा खालची निम्फ घेतो. पण तुमचा पहिला दिवस असेल तर एकच लावा, दोन फ्लायचा गुंता सोडवण्यात सकाळ जाते.

काही लोक म्हणतात ही फ्लायच नाही, दोऱ्याचं आमिष आहे, ह्याच्यात कला नाही. मी त्यांच्याशी मनापासून असहमत आहे. किडा असो का गांडूळ, जे त्या पाण्यात त्या वेळी खरंच असतं त्याची नक्कल करायची आणि ती त्याच्यासारखीच वाहू द्यायची, ह्यालाच फ्लाय फिशिंग म्हणतात. वरच्या पाण्यावर सुकी फ्लाय तरंगवणं डोळ्याला दिसतं म्हणून सोपं, न दिसणाऱ्या तळात न दिसणारी फ्लाय बरोबर चालवणं त्याच्यापेक्षा अवघड आहे.

मासा लागला की हात आधी ओले करा मग धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. फोटो पाण्याजवळच काढा, तोंड धारेकडं करून धरा, स्वतःहून निसटेपर्यंत. एक नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर तिथं बंदी असते कारण ब्राउन ट्राउट त्या थंडीत अंडी घालतो, तुम्ही मे मध्ये जाताय म्हणून काही प्रश्न नाही, पण पुढं कधी ऑक्टोबरअखेर गेलात तर उथळ खडीत साफ केलेल्यासारखे फिकट पट्टे दिसले तर त्यात पाय टाकू नका, ती त्यांची अंड्यांची जागा असू शकते.

पाण्याचं गांभीर्य ठेवा. दुपारनंतर नदी चढते हे वर लिहिलंच आहे, सकाळी ज्या दगडावरून गेलात तिथून संध्याकाळी परत येता येत नाही. एका दगडावर खूण धरून ठेवा आणि सारखी बघत राहा. तीर्थन लारजीला ब्यासला मिळते, त्या ब्यासवर २०१४ च्या जूनमध्ये धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादहून आलेली इंजिनिअरिंगची पोरं वाहून गेली. लारजीच्या बाजूला, धरणाच्या खाली, पाणी कितीही शांत दिसू दे, उतरायचं नाही.

बरेच जण विचारतात की महाबळेश्वर-कोयनेच्या गार पाण्यात ट्राउट का नाही सोडत. आपल्याला जे गार वाटतं ते ट्राउटला गार नाही, पाणी वीस अंशाच्या वर गेलं की त्याची दमछाक सुरू होते, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात. आणि नसता मासा आणून सोडायचा विचार पण करू नका, आपल्या नद्यांत बाहेरून आलेल्या चिलापीनं (तिलापिया माशानं) काय केलंय ते बघतोच आहोत.

सराव मात्र इथं नक्की करा, जायच्या आधी आठ-दहा संध्याकाळी. बंधाऱ्याच्या खाली जिथं गुडघाभर पळतं पाणी असतं तिथं काठावरूनच ही लाल फ्लाय इंडिकेटर लावून सोडा. चिलापी घेते, बारीक खवल्याचे मासे पण टोचतात, आणि मुख्य म्हणजे फेसाबरोबर इंडिकेटर चालवायला डोळा बसतो. मच्छीमार सोसायटीचा ठेका असेल तर त्यांना आधी विचारा, नाही म्हणाले तर दुसरीकडं जा. आणि पाण्यात पाय घालायचा नाही, सांगली-औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको, संध्याकाळी तर काठापासून पण चार पावलं लांब राहा.

जाताना लाल दहा, वाईन सहा, तपकिरी सहा घेऊन जा, निम्म्या वजनाच्या आणि निम्म्या हलक्या, आणि वजनाच्या कुठल्या ते कळायला त्यांच्या डोक्याचा दोरा वेगळ्या रंगाचा ठेवा, नाहीतर नदीवर सगळ्या सारख्याच दिसतात. सांगलीहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, तिथून कुल्लू-मनालीची बस, आणि औटच्या बोगद्याच्या अलीकडं उतरून तीर्थनकडं जाणारी बंजारची गाडी. संध्याकाळी रूमवर आलात की वापरलेल्या फ्लाय डब्यात बंद करू नका, कागदावर पसरून रात्रभर वाळू द्या. शेनिल पाणी धरून ठेवते आणि तिच्या खालून हुक गंजतो, वरून दिसत नाही, आणि तो बरोबर मोठ्या माशाला तुटतो.